आधी कागद, मग बाळ : दत्तक आणि सरोगसीची कायदेशीर वाट, क्रमाने

दत्तक किंवा सरोगसीत होणारे बहुतेक घोटाळे एकाच कारणाने होतात. लोक क्रम उलटा धरतात. आधी बाळ ‘मिळतं’, ओळखीच्या नर्सकडून, गावाकडच्या कुणाकडून, एखाद्या मध्यस्थाकडून, आणि मग वकिलाला विचारलं जातं, “आता कागद कसे करायचे?” तोवर उशीर झालेला असतो. बाळ घरात रुळलेलं, आजी-आजोबांना त्याचा लळा लागलेला, आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र ते तुमचं कुणीच नाही. चौकशी झाली तर ते बाळ घरातून जाऊ शकतं आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

भारतातल्या कायद्याने दोन्ही वाटांवर क्रम आखून दिला आहे. मूल दत्तक देण्यास मोकळं आहे असं आधी ठरतं, मगच ते कुणाला दाखवलं जातं. सरोगसीत तर गर्भ रुजवण्याआधीच पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. हा क्रम पाळला की पुढचं बरंच सोपं जातं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

## टप्पा १ : तुमची वाट कोणती, हे आधी ठरवा

तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा. टप्पा २ ते ७ पहिल्या वाटेचे आहेत; उरलेल्या दोन वाटांचे टप्पे त्यानंतर वेगळे दिले आहेत.

कारामार्फत दत्तक. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी बाल कल्याण समितीपुढे सुपूर्द केलेलं मूल घ्यायचं असेल तर ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ लागू होतो. प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवरून चालते. तुमचा धर्म कोणताही असो, ही वाट खुली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी. मुलाचे जन्मदाते आईवडील स्वतः मूल देतात आणि दत्तक पालक घेतात. दिराचं, भावाचं, बहिणीचं मूल घेताना सहसा हीच वाट धरली जाते.

सरोगसी, म्हणजे तुमचं बाळ दुसऱ्या स्त्रीने (सरोगेट मातेने) आपल्या पोटात वाढवून जन्माला घालणं. ‘सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१’ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पैसे देऊन करायची व्यावसायिक सरोगसी पूर्ण बंद आहे. फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी आहे, तीही वैद्यकीय कारण असेल तरच.

इथे एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सरोगसीसाठी जोडप्याला आधीचं हयात मूल नसावं लागतं आणि त्या मोजणीत दत्तक मूलही धरलं जातं. (मूल मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग असेल किंवा त्याला जीवघेणा आजार असेल तर अपवाद आहे.) म्हणजे आधी दत्तक घेतलं की सरोगसीची वाट बहुधा बंद होते; आधी सरोगसी झाली तर दत्तकाची वाट खुली राहते. दोन्ही मनात असतील तर हा निर्णय अगदी सुरुवातीलाच, डॉक्टर आणि वकील दोघांशी बोलून घ्या.

सावध : ख्रिस्ती, पारशी, मुस्लिम कुटुंबांना अजूनही काही ठिकाणी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ‘पालकत्वाचा आदेश’ काढून दिला जातो आणि तेच दत्तक आहे असं सांगितलं जातं. ते दत्तक नाही. मूल सज्ञान झालं की ते पालकत्व संपतं आणि त्यातून वारसाहक्क मिळत नाही. बाल न्याय कायद्याखाली खरं दत्तक मिळत असताना हा अर्धा कागद घेऊ नका.

## टप्पा २ : पात्रता कागदावर मांडा

कारासाठी नोंदणी करण्याआधी पुढच्या गोष्टी एका पानावर लिहून काढा.

जोडपं असेल तर दोघांची संमती हवी आणि किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं हवं (नात्यातलं आणि सावत्र पालकाचं दत्तक सोडून). एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. लग्न न केलेल्या जोडप्याला एकत्र अर्ज करता येत नाही. समलिंगी जोडप्यांनाही हीच अडचण आहे आणि ऑक्टोबर २०२३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालानंतरही ती कायम राहिली.

वयाचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे जोडप्यासाठी दोघांच्या वयाची बेरीज बघतात :

- २ वर्षांपर्यंतचं मूल : बेरीज जास्तीत जास्त ८५, एकल पालक ४०
- २ ते ४ वर्षं : ९०, एकल पालक ४५
- ४ ते ८ वर्षं : १००, एकल पालक ५०
- ८ ते १८ वर्षं : ११०, एकल पालक ५५

शिवाय मूल आणि दोन्हीपैकी कोणताही पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. घरात आधीच दोन किंवा अधिक मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा सहज पालक न मिळणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो. नात्यातल्या आणि सावत्र दत्तकाला ही अट नाही.

“अजून दोन वर्षं उपचार करून बघू, मग नोंदणी करू” असं बरेच जण म्हणतात. त्यांची व्यथा मला कळते. पण नवऱ्याचं वय ४३ आणि बायकोचं ४१ असेल तर बेरीज ८४ झाली. एका वर्षात दोघांचं वय मिळून दोनने वाढतं, म्हणजे पुढच्या वर्षी ही बेरीज ८६ होईल आणि तान्ह्या बाळाच्या गटातून तुम्ही बाहेर पडाल. वाट बघायची की नाही हे भावनेवर सोडू नका. आधी बेरीज करा.

तपासा : दोघांची जन्मतारीख आधार, पॅन आणि जन्मदाखल्यावर एकच आहे का? नावाचं स्पेलिंग? लग्नानंतर बदललेलं आडनाव? इथली तफावत आज दुरुस्त केली नाही तर ती दत्तकाच्या आदेशाच्या वेळी आडवी येते.

## टप्पा ३ : कागदपत्रांची फाइल, नोंदणीच्या आधी

नोंदणीनंतर कागदपत्रं ३० दिवसांत अपलोड करावी लागतात. लोक आधी नोंदणी करतात आणि मग दाखले गोळा करायला निघतात. उलट करा.

कुटुंबाचा अलीकडचा फोटो, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा (पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र), विवाह प्रमाणपत्र, आणि दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार वारले असतील तर मृत्युदाखला. घरात पाच वर्षांपेक्षा मोठं मूल असेल तर त्याची इच्छाही विचारली जाते, म्हणून त्याच्याशी आधी मोकळेपणाने बोला. शेजाऱ्यांसमोर किंवा समाजसेविकेसमोर त्याला पहिल्यांदा कळता कामा नये.

विवाह प्रमाणपत्र हा ठरलेला अडथळा. लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत. वीस वर्षांपूर्वी लग्न झालं आणि नोंदणी राहून गेली, असं असेल तर आधी ती नोंदणी करून घ्या.

वैद्यकीय प्रमाणपत्रात आजार लपवू नका. नियमात जीवघेणा आजार नसावा असं म्हटलं आहे. मधुमेह किंवा थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून कुणी तुम्हाला आपोआप बाद करत नाही. लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडली तर मात्र विश्वास जातो आणि तो परत मिळवणं अवघड असतं.

## टप्पा ४ : पोर्टलवर नोंदणी

नोंदणी थेट काराच्या पोर्टलवर होते. मध्यस्थ लागत नाही. संगणक जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. कायदेशीर शुल्क ठरलेलं आणि जाहीर आहे. त्याबाहेर ‘लवकर नंबर लावतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

प्राधान्यं भरताना थांबून विचार करा : वय, राज्य, आरोग्याची स्थिती, भावंडं एकत्र घेण्याची तयारी. तुमचा क्रमांक नोंदणीच्या तारखेनुसार लागतो आणि तान्ह्या, निरोगी बाळासाठी प्रतीक्षा वर्षानुवर्षांची असते. चार-पाच वर्षांचं मूल किंवा भावंडं घेण्याची तुमची खरोखर तयारी असेल तर ती आत्ताच लिहा. फक्त नंबर लवकर लागावा म्हणून मात्र लिहू नका. विशेष गरजा असलेलं मूल नाइलाजाने घेणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

मोबाइल नंबर आणि ई-मेल असा द्या, जो तुम्ही रोज बघता. याचं महत्त्व टप्पा ६ मध्ये कळेल.

## टप्पा ५ : गृह अध्ययन

दत्तक संस्थेची समाजसेविका घरी येऊन तुमचा गृह अध्ययन अहवाल, म्हणजे घर आणि कुटुंब मुलासाठी तयार आहे का याचा अहवाल, तयार करते. कागदपत्रं दिल्यापासून ६० दिवसांत हा अहवाल पूर्ण व्हायला हवा आणि तो तीन वर्षं ग्राह्य धरला जातो.

या भेटीची लोकांना भीती वाटते, घर रंगवून घेण्यापर्यंत मजल जाते. घराचा आकार कुणी मोजत नाही. बघितलं जातं ते दोघांचं एकमत, घरातल्या वडीलधाऱ्यांची भूमिका, उत्पन्नाची स्थिरता, आणि बाळ आजारी पडलं तर कोण थांबणार याचं उत्तर. एकाला हवंय आणि दुसरा ‘तिच्यासाठी’ तयार झालाय, हे बोलण्यातून लगेच कळतं. तशी स्थिती असेल तर भेटीची तारीख पुढे ढकला आणि आधी दोघं बोला.

वंध्यत्वाचं दुःख अजून ओलं असेल तर तेही सांगा. ते सांगितल्याने कुणी नापास होत नाही.

सावध : अहवालाच्या तीन वर्षांत नोकरी बदलली, घर बदललं, गर्भधारणा झाली, जोडीदाराला मोठा आजार झाला, तर संस्थेला कळवा. जुनी माहिती तशीच ठेवून पुढे गेलात तर आदेशाच्या वेळी प्रश्न उभा राहतो.

## टप्पा ६ : मुलाची माहिती येते तेव्हा

तुमची पाळी आली की पोर्टलवर मुलाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. ४८ तासांत ते मूल राखून ठेवायचं असतं. लग्नकार्यात होतो, रेंज नव्हती, मेसेज बघितला नाही, अशा कारणांनी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा वाया गेलेली कुटुंबं आहेत. क्रमांक जवळ आला की दोघांपैकी एकाने तरी रोज पोर्टल उघडायचं, हा नियम घरात लावा.

राखून ठेवल्यावर संस्थेत जाऊन मुलाला भेटणं, दत्तक समितीशी बोलणं आणि स्वीकार किंवा नकार कळवणं, हे सगळं ३० दिवसांत होतं. या काळात वैद्यकीय अहवाल तुमच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. तो तुमचा हक्क आहे. कमी वजन किंवा उशिरा बसणं यांसारख्या नोंदी बघून बरेच जण घाबरतात, आणि डॉक्टर दोन मिनिटांत त्यांचा नेमका अर्थ सांगतात.

अशा तीन संधी मिळतात. तिन्ही सोडल्या तर वर्षभर नव्याने नोंदणी करता येत नाही.

मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. ‘कसं दिसतंय आमचं बाळ?’ म्हणून टाकावंसं वाटतं, पण काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे, आणि ते मूल अजून तुमचं झालेलं नाही.

## टप्पा ७ : घरी आणणं आणि आदेश

स्वीकार झाल्यावर हमीपत्र देऊन मूल ‘दत्तकपूर्व संगोपना’साठी तुमच्या घरी येतं. सगळ्यात नाजूक कायदेशीर काळ हाच. बाळ घरात आहे, बारसं झालंय, पण आदेश निघेपर्यंत तुम्ही त्याचे कायदेशीर आईवडील नाही. परदेश प्रवास, नाव बदललेले दाखले, मुलाच्या नावावर मालमत्ता, हे सगळं आदेशानंतर.

आदेशासाठीचा अर्ज संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दाखल करते. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात. सुनावणी बंद दरवाजाआड होते आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. आदेशाबद्दल तक्रार असेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेश हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, जन्मतारीख, दोघांची नावं, सगळं अक्षर न् अक्षर. याच आदेशावरून जन्मदाखला निघतो आणि त्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात. आदेशातली एका अक्षराची चूक जन्मदाखल्यात, आधारमध्ये, शाळेत आणि पासपोर्टमध्ये जाते.

तपासा : आदेशाच्या किमान तीन प्रमाणित प्रती, नवा जन्मदाखला, पुढच्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी होणाऱ्या पाठपुरावा भेटींच्या तारखा. या भेटी टाळू नका.

## नात्यातलं मूल घेताना

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण इथे लोक कायदा लागतो हेच मानत नाहीत. “आमच्या दिरांचंच मूल, घरचाच मामला” म्हणून शाळेत नाव बदललं जातं, रेशनकार्डात घातलं जातं, आणि वीस वर्षांनी जमिनीच्या वाटणीत तेच मूल परकं ठरतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव म्हणजे दत्तक नव्हे.

हिंदू दत्तक कायद्याखाली जात असाल तर क्रम असा :

1. अटी तपासा. मुलाचं वय १५ पूर्ण झालेलं नसावं आणि ते अविवाहित असावं, वेगळी प्रथा सिद्ध होत असेल तरच सवलत. (महाराष्ट्रातल्या जुन्या मुंबई इलाख्यात मोठ्या वयाच्या दत्तकाची प्रथा न्यायालयांनी मान्य केली आहे, पण अशा दत्तकाला पुढे आव्हान मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वकिलाशिवाय करू नका.) मुलगा घ्यायचा असेल तर तुम्हाला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा, मुलगी घ्यायची असेल तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घेताना २१ वर्षांचं अंतर हवं. एक मुलगा असताना दुसरा मुलगाच घ्यायचा असेल तर या कायद्याने जमणार नाही. बाल न्याय कायद्यात ही अट नाही.

2. चारही संमती घ्या. घेणाऱ्या नवरा-बायकोची आणि देणाऱ्या आईवडिलांची. आईची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिली की दत्तक तिथेच कोसळतं.

3. देणं-घेणं प्रत्यक्ष करा. मूल एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाच्या हाती देणं हा दत्तकाचा गाभा आहे. दत्तहोम (दत्तकविधीतला होम) सक्तीचा नाही, पण देण्या-घेण्याचा प्रसंग साक्षीदारांसमोर व्हावा आणि त्याचे फोटो ठेवावेत.

4. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय गृहीत धरतं; खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार विरोध करणाऱ्यावर जातो. शंभराच्या स्टॅम्पवरच्या नोटरीला हे बळ नाही.

5. जन्मदाखला बदलून घ्या.

या दत्तकासाठी पैसे घेणं-देणं गुन्हा आहे, ‘दवाखान्याचा खर्च’ म्हणूनही व्यवहार करू नका. आणि झालेलं वैध दत्तक रद्द करता येत नाही, ना तुम्हाला ना जन्मदात्यांना. नात्यात रुसवेफुगवे होतात. म्हणूनच देणाऱ्या आईशी एकांतात, सासू-सासऱ्यांच्या दबावाशिवाय बोलून घ्या. तिचा होकार खरा असेल तरच पुढे जा.

हिंदू कायदा लागू नसलेल्या कुटुंबांनी बाल न्याय कायद्याखालचं नात्यातलं दत्तक घ्यावं : पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्यांची संमती, मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. इथे ‘नातेवाईक’ कोण हे कायद्याने बांधलं आहे : मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत बहिणीचं किंवा मावसभावाचं मूल या व्याख्येत बसत नाही.

मूल परदेशी न्यायचं असेल तर नुसतं दत्तकपत्र पुरत नाही. काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची प्रक्रिया तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

## “डॉक्टरांच्या ओळखीने बाळ मिळतंय”

असा निरोप आला की थांबा. एखादी मुलगी बाळ सांभाळू शकत नसेल तर तिच्यासाठी कायदेशीर वाट आहे : बाल कल्याण समितीपुढे सुपूर्द करणं. त्यानंतर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि मगच समिती ते मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. ते दोन महिने तिचे आहेत, ते कुणी हिरावून घेऊ नयेत. मूल कुणाला मिळेल हे आई किंवा डॉक्टर ठरवत नाहीत.

रुग्णालयात थेट तुमची नावं आईवडील म्हणून लावून बाळ घेणं हे दत्तक नव्हे. ठरलेली प्रक्रिया डावलून मूल दत्तक घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची खरेदी-विक्री ठरली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. त्यात रुग्णालयातली माणसं सामील असतील तर त्यांना तीन ते सात वर्षं.

कुठे टाकून दिलेलं बाळ सापडलं तर घरी नेऊ नका. १०९८ वर फोन करा. २४ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

## सरोगसी : पाच टप्पे, याच क्रमाने

१. पात्रता. विवाहित भारतीय जोडपं, पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५. किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा वा घटस्फोटित स्त्री. अविवाहित स्त्री किंवा एकट्या पुरुषाला परवानगी नाही. हा कायदा येण्याआधीच भ्रूण गोठवून प्रक्रिया सुरू केलेल्या जोडप्यांना वयाची अट मागे जाऊन लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं आहे. तुमची केस तशी असेल तर जुनी फाइल जपून ठेवा.

२. वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र. जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून. गर्भाशय नसणं, वारंवार आयव्हीएफ अपयशी होणं, पुन्हा पुन्हा गर्भपात, गर्भारपण जिवावर बेतेल असा आजार, ही मान्य कारणं. स्त्रीबीज किंवा शुक्राणू यांपैकी एक दात्याचं घ्यायचं असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने ते शक्य झालं आहे, पण तेही मंडळाने प्रमाणित केलं तरच, आणि दुसरं जोडप्याचं हवं. विधवा वा घटस्फोटित स्त्रीला स्वतःचंच स्त्रीबीज वापरावं लागतं.

३. सरोगेट माता. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा तुम्हाला काढावा लागतो. संमती तिला समजणाऱ्या भाषेत, परिणाम समजावून घेतली जावी, आणि गर्भ रुजवण्याआधी ती मागे फिरू शकते. तो तिचा हक्क आहे. तिला मनवण्यासाठी नातेवाईक पाठवू नका.

४. पालकत्वाचा आदेश. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तुम्ही आणि सरोगेट माता यांच्या अर्जावर बाळाच्या पालकत्व आणि ताब्याचा आदेश मिळतो. यानंतर पात्रता प्रमाणपत्रं, आणि मगच नोंदणीकृत सरोगसी क्लिनिकमध्ये उपचार. रुग्णालय मोठं आहे म्हणून ते सरोगसीसाठी नोंदलेलं असेलच असं नाही. नोंदणी प्रमाणपत्र मागून बघा.

५. गर्भारपण आणि जन्म. उपचार, विमा आणि नियमांत बसणारा खर्च एवढंच द्या, आणि प्रत्येक पैशाची पावती ठेवा. ‘खुशीने’ दिलेली रोकड किंवा दागिने हे व्यावसायिक सरोगसीच्या आरोपाला आमंत्रण आहे. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गर्भपातासाठी तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही. जन्मलेलं मूल कायद्याने तुमचंच जैविक मूल मानलं जातं. त्यात व्यंग आहे, मुलगी आहे, किंवा तुमचं लग्न मोडलं, या कुठल्याही कारणाने ते नाकारता येत नाही. क्लिनिकला सगळ्या नोंदी २५ वर्षं जपाव्या लागतात, तुम्हीही तुमची प्रत जपा.

सावध : जुन्या पद्धतीचा ‘सरोगसी करारनामा’ वकिलाकडून करून घेतला की काम झालं, असं समजू नका. वरची प्रमाणपत्रं आणि आदेश नसतील तर त्या कराराला आधार नाही.

## आदेशानंतर राहून जाणारी कामं

विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांतली नामनिर्देशनं बदला. मृत्युपत्र करा. दत्तक मुलाला वारसाहक्क आदेशाच्या तारखेपासून किंवा, हिंदू कायद्याखाली, दत्तकाच्या तारखेपासून असतो; पण त्याआधी दुसऱ्याच्या नावे झालेली मालमत्ता त्यामुळे परत येत नाही. एकल पालकांनी मृत्युपत्रात मुलाचा पालक कोण असेल हे लिहावंच.

आदेशाची मूळ प्रत, संस्थेचा मुलाबद्दलचा अहवाल, वैद्यकीय कागद हे सगळं एका फाइलमध्ये, मुलाच्या नावाने ठेवा. कारामार्फत आलेलं मूल १८ वर्षांचं झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी संस्थेकडे अर्ज करू शकतं, आणि त्या वेळी ही फाइल त्याला लागेल. म्हणून घर बदलताना ती हरवणार नाही अशा जागी ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.